कॅप्टन हेन्स : चव्वेचाळीस मिनिटे आणि त्यानंतरची तीस वर्षे

इटलीतील लोरेटो या गावी एक लहानसे दगडी घर आहे. नाझरेथ येथील पवित्र मरियेचे हे घर तेराव्या शतकाच्या अखेरीस देवदूतांनी आकाशमार्गे युरोपात आणले, अशी ख्रिस्ती लोकपरंपरा आहे. याच परंपरेचा धागा धरून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेटोच्या मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. त्या वेळी विमान ही वस्तू जगाला जेमतेम सतरा वर्षांची ओळखीची होती. आकाशात जाणाऱ्या माणसाला मातेच्या पदराची गरज आहे, हे ख्रिस्तसभेने लवकरच ओळखले होते.

आज आपल्या धर्मग्रामांत असे घर विरळाच, की ज्यातील कोणी आखातात, परदेशात वा बोटीवर नोकरीला जाताना विमानात बसलेले नाही. विमानाची चाके धावपट्टी सोडू लागली, की नकळत हात कपाळाकडे जातो आणि क्रूसाची खूण होते. ज्याच्या हाती आपण आपला जीव सोपवितो, त्या माणसाचा चेहरा मात्र आपण बहुधा पाहिलेला नसतो. बंद दाराआडून त्याचा आवाज तेवढा येतो. प्रवास सुखरूप पार पडला, की आपण सामान उचलतो, सोडवायला व घ्यायला आलेल्यांच्या गर्दीत मिसळतो आणि त्या आवाजाला विसरून जातो. तीस-पस्तीस वर्षे माणसांना सुखरूप घरी पोहोचविणारा वैमानिक निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांपलीकडे कोणाला त्याचे नाव ठाऊक नसते.

कॅप्टन आल्फ्रेड हेन्स यांचेही तसेच झाले असते. आयुष्याच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत जगाने त्यांचे नाव ऐकले नव्हते. नंतर ते जगभर झाले ते चव्वेचाळीस मिनिटांमुळे. परंतु त्यांच्या आठवणीचा खरा ठेवा त्या चव्वेचाळीस मिनिटांनंतरच्या तीस वर्षांत आहे, असे मला वाटते. म्हणून या दूरदेशीच्या माणसाची कथा आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

साधा माणूस, लांब चाकरी

हेन्स यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९३१ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पॅरिस नावाच्या गावी झाला. विद्यापीठातील शिक्षण सोडून १९५२ साली ते नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात दाखल झाले आणि मरीन दलात वैमानिक झाले. १९५६ साली लष्करी सेवेतून मोकळे होऊन ते युनायटेड एअरलाइन्स या कंपनीत रुजू झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९८९ सालापर्यंत त्यांच्या उड्डाणाच्या तासांची नोंद तीस हजारांच्या घरात गेली होती. त्यांपैकी सात हजारांहून अधिक तास त्यांनी तीन इंजिनांचे डीसी-१० हे मोठे विमान चालविले होते.

सिअ‍ॅटल परिसरात त्यांचे घर होते. सुट्टीच्या दिवशी हा माणूस मुलांच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राही आणि शाळांच्या फुटबॉल सामन्यांत ध्वनिक्षेपकावरून खेळाचे वर्णन करी. हे काम ते स्वेच्छेने, वर्षानुवर्षे करीत. मुलांच्या खेळात पंच होणे ही सोपी गोष्ट नव्हे. दोन्ही बाजूंचे पालक ओरडत असतात आणि निर्णय एका क्षणात द्यावा लागतो. शांत राहण्याची सवय त्यांना वैमानिकाच्या आसनावर लागली की मैदानावर, हे कोण सांगणार!

१९ जुलै १९८९

त्या दिवशी दुपारी युनायटेडचे २३२ क्रमांकाचे विमान डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले. विमानात २८५ प्रवासी आणि ११ कर्मचारी, असे एकूण २९६ जण होते. त्या दिवसांत कंपनीने मुलांसाठी प्रवासभाड्यात मोठी सवलत ठेवली होती. त्यामुळे बालप्रवाशांची संख्या नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक होती. हवा स्वच्छ होती. हेन्स यांच्या शेजारी सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स आणि मागे उड्डाण अभियंता डडली ड्वोरॅक बसले होते.

दुपारी ३ वाजून १६ मिनिटांनी, आयोवा राज्यावर ३७,००० फूट उंचीवर असताना, विमानाच्या शेपटीकडे स्फोटासारखा आवाज झाला. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची जड चकती फुटली होती. तिचे तुकडे शेपटीतून आरपार गेले. एका इंजिनाचे बंद पडणे ही तशी मोठी आपत्ती नव्हती. उरलेल्या दोन इंजिनांवर विमान उतरू शकते. पण त्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या होत्या.

याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगावयास हवा. एवढ्या प्रचंड विमानाचे पंख व शेपटी यांवरील हलते भाग माणसाच्या हातांच्या बळाने हलत नाहीत. नळ्यांतून दाबाखाली वाहणारे तेल ते हलविते. एक यंत्रणा बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी, अशी तिहेरी योजना असते. तिन्ही एकदम निकामी होणार नाहीत, असे विमान बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते. म्हणून अशा प्रसंगी काय करावे याचे एकही पान वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हते. ड्वोरॅक यांनी कंपनीच्या तज्ज्ञांना रेडिओवरून विचारले, तेव्हा तिन्ही यंत्रणा गेल्या आहेत यावर त्या तज्ज्ञांचा विश्वासच बसेना.

यापूर्वी चार वर्षे, १२ ऑगस्ट १९८५ रोजी, जपानमध्ये एका बोइंग ७४७ विमानावर असाच प्रसंग आला होता. त्याचे वैमानिक अर्धा तास झगडले. शेवटी विमान डोंगरावर आदळले. ५२४ जणांपैकी ५२० जण दगावले.

चौथा माणूस

विमान उजवीकडे कलत चालले होते आणि उलटे होण्याचा धोका होता. हेन्स यांनी उजव्या इंजिनाची शक्ती वाढविली व डाव्याची कमी केली. विमान सावरले. त्या क्षणापासून हाताशी उरली ती दोन इंजिने आणि त्यांचे दोन दांडे.

प्रवाशांत डेनिस फिच नावाचे एक वैमानिक होते. डीसी-१० विमानाचे प्रशिक्षण देणारे ते युनायटेडचे अधिकारी. त्या दिवशी मात्र ते केवळ प्रवासी म्हणून बसले होते. जपानमधील त्या अपघाताचा त्यांनी स्वतः होऊन अभ्यास केला होता. त्यांनी हवाईसेविकेकरवी मदतीची तयारी कळविली. हेन्स यांनी त्यांना तत्काळ आत बोलाविले. आधी त्यांना मागे पाठवून पंखांची स्थिती पाहून यावयास सांगितले आणि ते परतल्यावर इंजिनांचे दोन्ही दांडे त्यांच्या हाती दिले. दोन आसनांच्या मध्ये गुडघे टेकून फिच यांनी ते दांडे धरले.

हा प्रसंग वाचताना मी नेहमी थांबतो. विमानाचा कप्तान म्हणजे त्या विमानाचा राजा, अशी दीर्घकाळ परंपरा होती. कप्तान चुकत असेल तरी कनिष्ठाने बोलू नये, बोललाच तर हळू बोलावे, ही रीत. त्या रीतीची किंमत जगाने मोजली होती. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. एका ज्येष्ठ कप्तानाने परवानगीवाचून उड्डाणाची घाई केली होती आणि त्याच्या सहकाऱ्याने काढलेली शंका विरून गेली होती. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, युनायटेडचेच एक विमान पोर्टलंड शहराजवळ इंधन संपून कोसळले व दहा जण दगावले. चाकांच्या बिघाडात कप्तान गुंतला होता. इंधन संपत आले हे सहकाऱ्यांना दिसत होते, परंतु ते ठासून सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. त्यानंतर युनायटेडने आपल्या वैमानिकांना नवा धडा शिकविण्यास आरंभ केला : कप्तानाने विचारावे, इतरांनी निर्भयपणे सांगावे, आणि निर्णय सर्वांचे ऐकून घ्यावा.

हेन्स यांनी पुढे आपल्या भाषणांतून वारंवार याच धड्याचे ऋण मान्य केले. त्या कक्षात आम्हां चौघांचा मिळून १०३ वर्षांचा उड्डाणाचा अनुभव होता, असे ते सांगत. आणि त्यांतील एक मिनिटही असे विमान उतरविण्याच्या सरावात गेले नव्हते. मग मलाच इतर तिघांहून अधिक कळते, असे मी कोणत्या आधारावर समजावे, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

सू सिटीची धावपट्टी

सर्वांत जवळचा सोयीचा विमानतळ म्हणजे आयोवातील सू सिटी. तेथवर पोहोचणे म्हणजे सरळ रेषेत जाणे नव्हते. विमानाचे नाक हळूहळू खाली जाई, वेग वाढे, मग नाक वर येई, वेग मंदावे. लाटांवर होडी हेलकावावी तसे ते विमान आकाशात हेलकावत होते. प्रत्येक हेलकाव्याच्या आधीच दांडे पुढेमागे करावे लागत, कारण परिणाम दिसायला वेळ लागे. विमान जवळजवळ केवळ उजवीकडेच वळत होते. मोठमोठी वर्तुळे घेत ते खाली येत राहिले.

नियंत्रण मनोऱ्यातील तरुण अधिकाऱ्याने कोणत्याही धावपट्टीवर उतरण्याची मोकळीक दिली, तेव्हा हेन्स हसून म्हणाले, की तुम्हांला धावपट्टीच हवी म्हणजे फारच चोखंदळपणा झाला. मृत्यू समोर असताना केलेला हा विनोद ध्वनिफितीत राहिला आहे. तो बढाईचा विनोद नव्हता. भोवतालच्यांच्या मनावरचा ताण हलका करणारी ती वडीलधाऱ्या माणसाची सवय होती.

मागे हवाईसेविका प्रवाशांना वाकून बसण्याची रीत शिकवीत होत्या. चार तान्ही मुले आईबापांच्या मांडीवर होती, त्यांना आसने नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुलांना उशा-पांघरुणांत गुंडाळून जमिनीवर धरावयास सांगण्यात आले.

दुपारी ४ वाजता विमान जमिनीवर आले. उतरताना असावयाच्या वेगापेक्षा त्याचा वेग कितीतरी अधिक होता आणि खाली येण्याची गती नेहमीच्या सहापट होती. शेवटच्या क्षणी उजवा पंख झुकला व प्रथम तोच टेकला. विमान पेटले, उलथले, त्याचे तुकडे झाले आणि मधला मोठा भाग धावपट्टीलगतच्या मक्याच्या शेतात जाऊन पडला. पाहणाऱ्यांना वाटले, कोणीही वाचले नसावे. इतक्यात उंच मक्याच्या ताटांतून एकेक माणूस बाहेर येऊ लागला.

२९६ पैकी १८४ जण वाचले. ११२ जण गेले. त्यांतील एक जण महिनाभराने रुग्णालयात मरण पावला. जमिनीवर धरलेल्या चार तान्ह्यांपैकी एक दगावले. त्या मुलाच्या आईला जमिनीवर धरण्याचा सल्ला देणाऱ्या मुख्य हवाईसेविकेने पुढली अनेक वर्षे तान्ह्या मुलांना स्वतंत्र आसन सक्तीचे करावे म्हणून शासनदरबारी खेटे घातले.

वैमानिकांचा कक्ष मोडून त्याचा कंबरभर उंचीचा चुराडा झाला होता. तो विमानाचा कोणता भाग हेही ओळखू न आल्याने बचावपथके आधी त्याच्या बाजूने निघून गेली. अर्ध्या तासाहून अधिक काळाने आतून आवाज आला. चौघेही जिवंत होते.

तयार असलेले गाव

हेन्स पाच गोष्टींना या बचावाचे श्रेय देत : नशीब, संवाद, पूर्वतयारी, कृती आणि सहकार्य. स्वतःचे नाव त्या यादीत त्यांनी कधी घातले नाही. सू सिटीची कथा मात्र ते प्रत्येक भाषणात सांगत.

त्या गावाने दोनच वर्षांपूर्वी, १९८७ साली, मोठे विमान कोसळल्याची रंगीत तालीम केली होती. एवढे मोठे विमान त्या छोट्या विमानतळावर उतरतच नसे. तरीही केली होती. अपघाताच्या दिवशी तेथील हवाई राष्ट्ररक्षक दलाचे २८५ जवान नेमके कामावर हजर होते. गावातील दोन्ही मोठ्या रुग्णालयांत दुपारची पाळी बदलण्याची वेळ होती. सकाळचे डॉक्टर-परिचारिका अजून गेले नव्हते आणि संध्याकाळचे येऊन ठेपले होते. त्या दोहोंपैकी मेरियन हेल्थ सेंटर हे पवित्र मरियेच्या नावाचे कॅथलिक रुग्णालय, तर दुसरे संत लूकच्या नावाचे. रक्तदानासाठी नागरिकांच्या रांगा लागल्या. ब्रायर क्लिफ या फ्रान्सिस्कन धर्मभगिनींनी स्थापन केलेल्या महाविद्यालयाने आपली वसतिगृहे वाचलेल्या प्रवाशांना उघडून दिली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या अनोळखी माणसांना त्या रात्री तेथे निवारा मिळाला. परक्याला घरात घेणे हे दयाकृत्य आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. सू सिटीने ते एका रात्रीत करून दाखविले.

न लपविलेले दुःख

वृत्तपत्रांनी हेन्स यांना वीरपुरुष म्हटले. पुढे अनेक वैमानिकांनी कृत्रिम उड्डाणयंत्रात तोच प्रसंग उभा करून विमान उतरविण्याचा प्रयत्न केला. धावपट्टीवर सुखरूप उतरविणे कोणालाच साधले नाही. चौकशी मंडळाने १९९० सालच्या अहवालात म्हटले, की या वैमानिकांची कामगिरी वाजवी अपेक्षेच्या कितीतरी पलीकडची होती.

दोष कोणाचा, हेही त्याच अहवालाने सांगितले. फुटलेल्या चकतीचे तुकडे ऑक्टोबर १९८९ मध्ये एका शेतकरी स्त्रीला मक्याच्या पिकात सापडले. १९७१ साली चकतीचा धातू ओतताना त्यात एक सूक्ष्म दोष राहून गेला होता. त्यापासून निघालेली चीर वर्षानुवर्षे वाढत गेली आणि तपासणीत ती ज्यांच्या नजरेस पडावयास हवी होती, त्यांच्या नजरेतून सुटली. ज्या कारखान्यात ती तपासणी झाली, तो युनायटेडचाच होता. निरीक्षकाचे डोळे थकतात, तेच ते काम पाहून मन गाफील होते, याचा पुरेसा विचार तेथील पद्धतीत नव्हता, असा निष्कर्ष निघाला. एका धूसर चिरेने ११२ घरे उघडी पाडली.

परंतु हेन्स यांना या निष्कर्षाने सुटका मिळाली नाही. वाचलेल्या १८४ जणांचे अभिनंदन होत असताना त्यांचे मन न वाचलेल्यांपाशी घुटमळत राही. कप्तान म्हणून सर्वांना सुखरूप पोहोचविणे हे आपले काम होते आणि ते आपण पुरे करू शकलो नाही, ही खंत त्यांनी लपविली नाही. आपण वाचलो आणि इतर गेले, या अपराधी भावनेवर त्यांनी तज्ज्ञांची मदत घेतली आणि तसे उघडपणे सांगितले. पुरुषाने, त्यातून वैमानिकाने, रडू नये असे मानणाऱ्या पिढीतल्या माणसाने हे सांगावे, याला मी धैर्य म्हणतो.

शंभर मेंढरांतील एक हरवले तेव्हा नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जाणारा मेंढपाळ आपल्याला शुभवर्तमानातून ठाऊक आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो वेडाच. जग जमेची बाजू पाहत होते, आणि हा माणूस हरवलेल्यांची मोजदाद करीत होता. मेंढपाळाचे मन ओळखण्याची खूण हीच असावी.

येथे आपल्यासारख्या श्रद्धावंतांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. १८४ जण वाचले ही देवाची कृपा म्हणावी, तर ११२ जणांच्या वाट्याला काय आले? त्यांच्याही घरी कोणी प्रार्थना केली असेल. विमानात तर निश्चितच झाली असेल. हेन्स ‘नशीब’ हा शब्द वापरीत, ‘चमत्कार’ म्हणत नसत. मला त्यांचा हा संयम पटतो. कृपा हे चांगल्या प्रवाशांना मिळालेले बक्षीस नव्हे आणि मृत्यू ही उरलेल्यांना झालेली शिक्षा नव्हे. कृपा दिसली ती गुडघे टेकून दांडे धरणाऱ्या फिच यांच्या हातांत, धूर भरलेल्या तुकड्यात परत शिरून मूल बाहेर काढणाऱ्या प्रवाशात, रक्त देण्यासाठी उभ्या राहिलेल्या रांगेत. जे गेले त्यांना आपण प्रभूच्या दयेवर सोपवितो आणि गप्प राहतो. प्रत्येक ‘का’ला आपल्यापाशी उत्तर नसते.

परतफेड

जखमा बऱ्या झाल्यावर काही महिन्यांतच हेन्स पुन्हा विमान चालवू लागले. १९९१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले. पस्तीस वर्षांची चाकरी संपली. मग त्यांनी दुसरे काम अंगावर घेतले. रुग्णालये, अग्निशमन दले, वैमानिकांच्या संघटना, शाळा, जेथून बोलावणे येई तेथे जाऊन ते त्या दिवसाची हकीकत सांगत. अशी शेकडो भाषणे त्यांनी दिली. सांगणे एकच : तयारी करा, एकमेकांचे ऐका, आणि दुःख आतल्या आत दाबू नका. सू सिटीच्या स्मृतिदिनांनाही ते जात व वाचलेल्यांना आणि मृतांच्या आप्तांना भेटत. आप्तांसमोर उभे राहणे त्यांना सोपे गेले नसेल. पण ते टाळले नाही.

त्या अपघाताचे धडे विमानशास्त्रानेही घेतले. डीसी-१० विमानांच्या तेलनळ्यांत, एक भाग फुटला तरी सगळे तेल वाहून जाऊ नये, अशी झडप बसविण्यात आली. केवळ इंजिनांच्या बळावर विमान उतरविणारी संगणक यंत्रणा नासा संस्थेने तयार केली आणि १९९५ साली एक मोठे विमान तशा रीतीने उतरवूनही दाखविले.

हेन्स यांचे घरगुती आयुष्य मात्र सुखाचे राहिले नाही. १९९६ साली मोटारसायकलच्या अपघातात थोरला मुलगा गेला. १९९९ साली पत्नी गेली. मग कन्येला रक्ताचा गंभीर आजार झाला आणि २००३ च्या सुमारास तिच्यासाठी अस्थिमज्जा बदलण्याचा उपाय ठरला. खर्च विम्याच्या आवाक्याबाहेरचा होता. ही वार्ता पसरली आणि ठिकठिकाणांहून पैसे येऊ लागले. पाठविणाऱ्यांत अनोळखी माणसे होती, तसेच २३२ क्रमांकाच्या विमानातून वाचलेले प्रवासीही होते. असे सांगतात, की मृतांच्या आप्तांपैकीही काहींनी हात पुढे केला. उपचार पार पडले.

ज्यांना आपण पूर्ण वाचवू शकलो नाही असे ज्याला आयुष्यभर वाटत राहिले, त्याच्या लेकीसाठी त्याच माणसांनी पदर पसरावा! क्षमा व कृतज्ञता यांवर आपण कितीतरी प्रवचने ऐकतो. या घटनेत ती दोन्ही एकाच पाकिटात घालून टपालाने आली.

डेनिस फिच २०१२ साली कर्करोगाने निवर्तले. कॅप्टन हेन्स यांनी २५ ऑगस्ट २०१९ रोजी सिअ‍ॅटल येथे देह ठेवला. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले होते. सू सिटीने आपल्या या पाहुण्यासाठी शोक केला.

पुढल्या खेपेस आपण कोणाला निरोप द्यायला विमानतळावर जाऊ, किंवा स्वतः आसनाचा पट्टा बांधू, तेव्हा लोरेटोच्या मातेकडे प्रवाशांसाठी मागणे मागावे. त्याच मागण्यात बंद दाराआडच्या वैमानिकाला, रात्रपाळीत डोळे ताणून धातूची चीर शोधणाऱ्या कामगाराला आणि मनोऱ्यातील त्या तरुण आवाजालाही स्थान द्यावे. आपला जीव यांच्या हाती असतो. आणि त्यांचा जीव, आपल्यासारखाच, प्रभूच्या हाती.